गोळी घेतलीस का?

नाही, तुम्हीच सांगा, माणसाला साधा राग येऊ शकत नाही का? आजाराचा नव्हे, औषधाचा नव्हे… साधा, घरगुती, रोजच्या वापरातला राग! परवा माझ्या दुकानाच्या दारात, मी कपडे अल्टर करून देते, बाह्या आखूड कर, कंबर सैल कर, चेन बदल, असली कामं, तर दारात शेजारच्या कुलूपवाल्यानं स्कूटर आडवी लावली. गिऱ्हाइकानं आत यायचं कसं, उडी मारून? मी बाहेर गेले आणि त्याला फाडफाड बोलले. तर हा माणूस स्कूटर काढायची सोडून मान तिरकी करतो आणि मधाळ आवाजात मला विचारतो, ‘वहिनी… गोळी घेतलीत ना आज?’

अरे, घेतली! घेतली गोळी! गोळीनं स्कूटर सरकते का?

लपवण्यासारखं काही नाही. मागे माझं डोकं कधी भलतंच वर जायचं, कधी पार तळाला. वर असताना मी अख्ख्या गल्लीचे पडदे फुकट शिवून द्यायचं कबूल करून बसले, आणि खाली आल्यावर त्या कापडाच्या ढिगाकडे पाठ करून अंथरुणात पडून राहिले. उठवेचना. मग डॉक्टरीणबाईंनी ही गोळी सुरू केली आणि मी माणसात आले. तेव्हा गोळीशी माझं भांडण नाही हं! भांडण आहे ते विचारणाऱ्यांशी.

लिथियम कार्बोनेट म्हणतात तिला. एक प्रकारचं मीठच ते. पांढरी भुकटी, वास नाही, काही नाही. नवऱ्यानं फोनवर वाचून सगळं पाठ केलंय आणि घरी कोणी आलं की सुरू, ‘लिथियम म्हणजे सगळ्यात हलका धातू बरं का! पाण्यावर तरंगतो! आणि गंमत ऐका, साखर कशी गरम पाण्यात पटकन विरघळते? याचं उलटं! पाणी जितकं गरम तितकं हे कमी विरघळतं! विजेच्या शेगडीची ती काळी काच नाही का, तापून लाल झाली तरी तडकत नाही, तिच्यातही हेच! आणि ज्योतीत धरलं ना, तर ज्योत लालभडक!’

घ्या! म्हणजे त्या भुकटीला लाल व्हायची मुभा आहे. मी जरा लाल झाले की… गोळी घेतलीस का?

तर झालं काय, मध्यंतरी घरातलं जेवण एकाएकी बेचव झालं. सूप बेचव, भाजी बेचव, उकडलेलं अंडं तर रबर खाल्ल्यासारखं. स्वयंपाक सासूबाईंचा. मी म्हटलं, ‘आई, मीठ विसरलात का?’ तर त्या शांतपणे, ‘औषधानं तुझ्या जिभेची चव गेली असेल गं.’ नवरा ताटात बघून म्हणतो, ‘मला तर बरोबर लागतंय.’ मी वरून मीठ घ्यायला गेले तर बरणी जागेवर नाही! आता चिडू नको तर काय करू? चिडले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि एका सुरात… बरोबर! तेच!

पुढे माझे हात थरथरायला लागले. थोडे आधीपासूनच थरथरतात, ते चालतं, सुईत दोरा ओवण्यापुरते माझे मी सांभाळते. पण आता कात्री थरथरायला लागली! एका साहेबांच्या नव्या कोऱ्या कोटाची बाही मी कोपरापर्यंत उभी चिरली. मळमळ, उलट्या, चालताना भिंतीचा आधार. मी म्हणतेय, ‘अहो, मला काहीतरी होतंय,’ शब्दही जड येतायत, आणि नवरा एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्यात गोळी, ‘आ कर बघू! तू चुकवत असशील, म्हणून होतंय.’ आणि डॉक्टरीणबाईंना फोन करून सांगतो काय? ‘हिचा स्वभाव बिघडलाय!’ स्वभाव! मी इथे जमिनीवर बसलेय, मला उठता येत नाहीये, आणि बिघडलाय काय तर स्वभाव!

मग एकदाचं बाईंकडे नेलं. बाईंनी माझे हात पुढे करायला लावले, बघितले, रक्त काढलं, आणि एकच विचारलं, ‘घरात कोणी मीठ कमी केलंय का?’

नवरा वर बघायला लागला. जसा काही पंखा आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. ‘म्हणजे… माझं बीपी जरा वाढलं होतं… मग आईनं घरात सगळ्यांचंच कमी केलं… बरणी तिच्या कपाटात आहे. हिला नाही सांगितलं… म्हटलं, उगाच चिडेल.’

उगाच चिडेल!

बाईंनी सांगितलं ते ऐका. किडनीला वाटतं, घरात मिठाची टंचाई आली. मग ती मिठासारखं दिसेल ते धरून ठेवते, लिथियमसुद्धा. बाहेरच सोडत नाही. म्हणजे मी रोज तेवढीच गोळी घेतेय आणि आत साठत चाललंय, साठत चाललंय… या दोघांनी ‘गोळी घेतलीस का, गोळी घेतलीस का’ करत मला विष चारलं हो! प्रेमानं! आणि गोळी सुरू करताना बाईंनी हे बजावलं होतं, ‘मीठ-पाणी एकदम कमी करायचं नाही.’ हा शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलवत होता. धातू पाण्यावर तरंगतो ते लक्षात राहिलं, बायको बुडेल ते नाही!

मग दवाखान्यात ठेवून सलाईन लावलं. सलाईनमध्ये असतं काय? मीठ-पाणी! जे सासूबाईंनी कपाटात कोंडलं होतं, ते सुई टोचून शिरेतून घ्यावं लागलं मला. मी पडल्या पडल्या रडले. खोटं कशाला सांगू, भीतीनं नाही, संतापानं. मी सांगत होते ना! एवढे दिवस सांगत होते!

घरी सोडताना बाई म्हणाल्या, ‘गोळी सध्या पूर्ण बंद. परत कधी सुरू करायची ते मी सांगेन.’ आहाहा! तुम्हाला सांगते, कान तृप्त झाले. म्हटलं, आता मैदान मोकळं! आता विचारा बघू! रिक्षातच सगळं भाषण तयार केलं, आधी नवरा, मग सासूबाई, मग परत नवरा. घरात शिरले, पिशवी टेबलावर आपटली, कमरेवर हात ठेवले, श्वास घेतला आणि पहिलंच वाक्य असं खणखणीत काढलं की शेजारचं दार उघडलं…

नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. सासूबाई धावत गेल्या कपाटाकडे, बरणी घेऊन आल्या. आणि दोघंही, एका सुरात, ‘अगं… मीठ खाल्लंस का?’

काय करणार… हल्ली भांडायचं असलं की मी आधी त्यांच्यासमोर चिमूटभर मीठ तोंडात टाकते, वर घोटभर पाणी पिते, आणि मगच सुरू करते.