पन्नासचा बांबू

(गोसीखुर्द धरणालगतचं पुनर्वसनाचं गाव. आनंदाबाई घरासमोर विस्तवावर बांबू शेकून गळाची काठी सरळ करते आहे. लेक प्रतिक्षा, सातवा महिना, सासरहून बपेऱ्याहून नुकतीच आली आहे.)

आनंदाबाई : म्हणजे तुले भेटाले नाही, भाव सांगाले धाडलं.

प्रतिक्षा : भेटालेच आली, माय. निंगता निंगता मामाजी म्हणाले, आईच्या कानावर घालजो. आता एका बांबूचे पन्नास पडतीन.

आनंदाबाई : तिसाचे एकदम पन्नास? तुह्या सासऱ्याले फोन करता येत नाही का?

प्रतिक्षा : मागच्या गाडीतल्या चाळीस बांबूचे पैसे तू कापले. तवापासून राग हाये त्याईले. व्याह्याच्या मालाले खोट काढली म्हणते.

आनंदाबाई : भुंग्यानं पोखरले होते ते. त्यातलीच चिंधूभाऊनं नेलेली काठी मोठा मासा लागला अन् मधातूनच मोडली. मोडकी काठी दाराशी ठेवली अन् गेला.

प्रतिक्षा : मी सांगतलं घरी. कोणी आयकत नाही.

आनंदाबाई : पन्नासनं घेतला तं ऐंशीची काठी शंभरावर जाते. लोक मंग अजून थोडे टाकून भंडाऱ्याहून फायबरची आणतीन. माह्याकडे कायले येतीन?

प्रतिक्षा : अजून एक सांगतलं त्याईनं.

आनंदाबाई : काय?

प्रतिक्षा : भाव जमला तं बाळंतपण माहेरी. नाही जमला तं तिकडंच.

आनंदाबाई : ...पाह्य, जळाली काठी. देईन म्हणाव पन्नास. काठ्यात नाही निघाले तं दुसऱ्याच्या शेतात धानाच्या रोवण्याले जाईन मी.

प्रतिक्षा : नको.

आनंदाबाई : काय नको?

प्रतिक्षा : हो म्हणू नको. आज बाळंतपणावर वीस वाढवले. उद्या बारसं हाये, दिवाळी हाये. दर खेपेले मलेच धाडतीन.

आनंदाबाई : जावई काय म्हणते?

प्रतिक्षा : बसमध्ये बसवून देलं. म्हणाले, तुले वाटन तसं सांग. बापासमोर तेवढंही बोलत नाही ते.

आनंदाबाई : तुह्या सासूले धड दिसत नाही. तुह्याजवळ कोण राहीन?

प्रतिक्षा : तुमसरले दवाखाना हाये. आशाताई हाये. भेव वाटते, नाही असं नाही. तू दवाखान्यातच येजो. तिथं तुले कोण अडवते?

आनंदाबाई : अन् बांबू?

प्रतिक्षा : लाखनीच्या बाजारातून पाह्य. थोडा महाग पडन, पण हातानं निवडून घेशील.

आनंदाबाई : नव्वद करा लागन काठी. चिंधूभाऊले मीच सांगीन, घरी जाऊन.

प्रतिक्षा : सांग.

आनंदाबाई : अन् तू तिकडं काय सांगशील?

प्रतिक्षा : माय नाही म्हणाली, असं सांगीन.

आनंदाबाई : मी तं हो म्हणून राहिली होती. नाही तू म्हणाली.

प्रतिक्षा : मले तिथं राहाचं हाये, माय.