गप्प बसल्यावर उजळणारं जंगल

— नाही हो मॅडम, बिघडलंय कुठलं, हे असंच आहे. आधी अंधारच असतो. धाकटीने बाहेर सांगितलं असेलच तुम्हाला, पण ती घाबरली की निम्मं बोलते आणि निम्मं गिळते, लहानपणापासूनची खोड आहे. तर या जंगलाचं असं आहे की इथे कुणी बोललं, खोकलं, खुर्ची सरकवली, की ते मिटतं. आणि सगळे गप्प बसले की हळूहळू उजळतं. त्या मधल्या खोडात माइक आहे, वाटाण्याएवढा, तो सारखा ऐकत असतो. आता माझं ऐकतोय, म्हणून अंधार. मी थांबले की आपोआप — तो स्टूल नका घेऊ, डुगडुगतो, हा घ्या. पाय जपून, खाली वायरी आहेत. दार मी आतून लावून घेते, फटीतून उजेड येतो. हां. आता थांबते.

फक्त एक विचारते आणि थांबते. आधी ट्यूबलाइट लावून भिंत दाखवू का तुम्हाला? ही तुमच्या समोरची, या टोकापासून त्या टोकापर्यंत अख्खी भिंत मी रंगवलीय. शिडीवर चढून. मानेला पट्टा लावायची वेळ आली होती. आणि आता अंधारात काय दिसणार त्यातलं? नखभरसुद्धा नाही. एक मिनिट लावते, तुम्ही बघा, मग विझवते आणि मग काय ते जंगल बघा — नको? तिने सांगितलंय का तसं, लाइट लावू देऊ नका म्हणून? सांगितलंच असेल. बरं. नको तर नको.

मी कोण म्हणजे? तिने ओळख नाही करून दिली? बघा. मी तिची मोठी बहीण. ताई. शाळेत चित्रकला शिकवते, आयुष्य गेलं त्यात. तिच्या हातात पेन्सिल कुणी दिली? मी. कागद कुणी दिला? मीच. आणि आज तुम्ही येणार म्हणून तिने मला काम काय दिलं ठाऊक आहे? म्हणाली, ताई, मॅडमना आत बसव, दार लाव आणि गप्प बस. बस्स, एवढंच. स्वतः बाहेर पायरीवर बसलीय नखं खात, तिला म्हणे बघवत नाही कुणी आत गेलेलं. आणि मी गप्प बसायचं. वर्गात चाळीस पोरांना मी गप्प बसवते, मॅडम, मला कुणी बसवलं नव्हतं आजवर.

तर ऐका — म्हणजे ऐकू नका, मी थांबतेच आहे — पण हे झालं कसं ते तरी तुम्हाला माहीत हवं ना? तुम्हाला ते मुलांच्या संग्रहालयात कायमचं ठेवायचंय, उद्या कुणी विचारलं तर? ही झाडं दिसतायत ना, थोडी थोडी, डोळे सरावले असतील आता — ही पुठ्ठ्याची आहेत. तिचा नवरा छापखान्यात आहे, तिथे कागदाचे मोठे रोल येतात, कागद संपला की आतली नळी उरते. त्या नळ्या. ही खोलीसुद्धा छापखान्याचीच, मागची, रद्दी ठेवायची. पानं कापडाची, शिंप्याकडच्या चिंध्यांची. ती कुणी कापली विचारा. आणि पानांच्या मागे बारीक पिवळे दिवे, पोरांच्या खेळण्यात असतात ना तसले. बाकी काय, बॅटऱ्या आणि वायरी. यात विशेष काय आहे हो? मोबाइलवर बघून बघून शिकली ती जोडायला. बोटं भाजून घेतली, घरभर त्या वितळलेल्या कथलाचा वास, पोराची भाजी करपली, आणि नवरा म्हणतो, करू दे तिला, तिला आवडतं. मला नाही कुणी म्हणालं असं. माझ्याकडे टर्पेंटाइनचा वास आला की सगळे खिडक्या उघडायला धावतात.

पहिल्यांदा फजितीच झाली होती. तिला जंगलात रातकिडे हवे होते. मग तिने किर्र वाजणाऱ्या टिकल्या आणल्या, चपट्या, घड्याळाच्या गजरात असतात तसल्या, आणि दिवे लागले की किडेही वाजतील असं जोडून ठेवलं. झालं. सगळे गप्प बसलो, दिवे लागले, किडे किरकिरले — आणि माइकने ते ऐकलं. त्याला काय कळतंय किडा कुठला आणि माणूस कुठलं? मिटलं सगळं. मिटलं म्हणून किडे थांबले, थांबले म्हणून परत उजळलं, उजळलं म्हणून परत किर्र. दिवसभर ते जंगल स्वतःच्याच आवाजाला दचकत होतं. धाकटी रडकुंडीला आली. आणि मी? मी तिची समजूत काढली, पाठीवरून हात फिरवला, चहा करून दिला. आणि त्या दिवशी मला इतकी गाढ झोप लागली, मॅडम, इतकी, की कित्येक महिन्यांत लागली नव्हती. हे मी कशाला सांगतेय तुम्हाला. असो. दुसऱ्या दिवशी तिने सगळे किडे काढून टाकले आणि म्हणाली, बरंच झालं, आवाज माणसांनी आणायचा आणि माणसांनीच ठेवून द्यायचा. लगेच सगळे वा वा करायला मोकळे. तिची चूकही लोकांना मुद्दाम सुचलेली कल्पना वाटते.

बरं, आणि माइकला किती आवाज चालेल ते ठरवायला आत एक स्क्रू आहे, बारका. तो कसा बसवला असेल? मला बोलावलं. म्हणाली, ताई, इथे उभी राहा आणि बोल. मी म्हटलं, काय बोलू? म्हणाली, काहीही, तू नेहमी बोलतेस तसं. आणि मी आपली बोलतेय, शाळेचं, हेडबाईंचं, भाजीवालीचं, आणि ही खाली बसून स्क्रू पिळतेय, पिळतेय, आणि माझ्या आवाजाने सगळे दिवे विझले तेव्हा म्हणाली, झालं, परफेक्ट. परफेक्ट म्हणे. म्हणजे या जंगलात गोंगाट कशाला म्हणायचं, तर मला. माझ्या मापाने शिवलंय ते. तिने काही मनात ठेवून केलं नाही, ते मला कळतं हो, ती तशी नाहीच, तेच तर — ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं.

आईला आणलं होतं परवा. आई गुडघे धरून इथेच बसली, तुम्ही बसलात तिथेच. मी बाहेर थांबले, मला काय, मी आत असले की बोलणारच. आई बाहेर आली तेव्हा पदराने डोळे पुसत होती. धाकटीच्या गालावरून हात फिरवला फक्त. माझ्या चित्रांसमोर आई उभी राहते ना, तेव्हा विचारते, याला किती दिवस लागले गं? आणि म्हणते, फ्रेम छान आहे.

नाही, मी नाही पाहिलेलं. अंधारात उजळलेलं मी अजून पाहिलेलंच नाही. खरंच सांगते. शेवटचे दिवे बसवून झाले परवा, तोवर ट्यूब लावूनच काम चालायचं. नंतर ती मागे लागली होती, ताई, एकदा बस ना माझ्याबरोबर, दोन मिनिटं काही बोलू नकोस. मी म्हटलं, मला वेळ नाही, पेपर तपासायचेत. पेपर कसले, सुट्टी आहे शाळेला. पण काय बघायचं होतं मी? माझी भिंत बुडालेली बघायची होती? आणि त्या भिंतीचंही ऐका. मला म्हणाली, ताई, फक्त निळ्याने रंगव. मी म्हटलं, जंगल आहे ना हे? म्हणाली, हो, पण हिरवा हातात घेऊच नकोस. मला सांगते, रंगांचं मला. मुकाट्याने रंगवली निळी. फांद्या निळ्या, वेली निळ्या, खालचं गवतसुद्धा निळं. माझ्या शाळेतल्या पोराने असं काढलं असतं तर मी वही परत दिली असती. म्हणूनच म्हणते लाइट लावू का, निदान कौशल्य तरी दिसेल, ब्रश कसा फिरलाय ते तरी — नको म्हणालात, हो, लक्षात आहे.

तुम्हाला माझा चेहरा ओळखीचा वाटत नाही का? गेल्या वर्षी मी चित्रं घेऊन आले होते तुमच्याकडे. पाच. एक तळ्याचं होतं, मोठं. तुम्ही म्हणालात, हात तयार आहे तुमचा. मी घरी येऊन सगळ्यांना सांगितलं, हात तयार आहे म्हणाल्या. मग तुमच्याकडून काहीच आलं नाही. आणि आता तुम्ही स्वतः आलात इथे, जिने चढून, रद्दीच्या खोलीत. चिंध्या आणि पुठ्ठे बघायला. जळते मी तिच्यावर, मॅडम. झालं? सख्खी धाकटी बहीण, अंगाखांद्यावर खेळवलेली, आणि तिचं नाव कुणी घेतलं की मी विषय बदलते. तिला घर आहे, ऐकून घेणारा नवरा आहे, पोरगं आहे, एवढ्यावर तिने समाधान मानायचं होतं. चित्रं काढणं माझं होतं. तेवढं एक माझं होतं.

उठताय? का? पुढे जायचंय — हो, असेल, तुम्हाला दहा ठिकाणी जायचं असतं. पण तुम्ही काही पाहिलंच नाहीत. दिवासुद्धा लागला नाही अजून. असं कसं, बाहेर पायरीवर ती बसलीय, तुम्ही नुसत्याच बाहेर गेलात तर तिला वाटेल चाललंच नाही, तिला वाटेल वायर कुठेतरी सुटली, ती विचारणारसुद्धा नाही तुम्हाला, हसून नमस्कार करेल आणि तुम्ही खाली उतरलात की सगळं उसवायला घेईल. मला माहीत आहे ना ती. आणि मला आवडेल का ते? आवडेल. थोडं आवडेल, खोटं कशाला बोलू. पण मग ती मला विचारेल, ताई, काय झालं गं आत? आणि मी काय सांगू — मी बोलत होते म्हणून? बसा. हात जोडते तुम्हाला, दोनच मिनिटं बसा. माझं काय ऐकलंत ते सोडून द्या. मी तोंडावर हात ठेवते, हा बघा, ठेवला.

…

…

अगं बाई.

गेलं. बोलले आणि गेलं. तुम्ही पाहिलंत ना? आधी खालून लागत आले, गवतातून, एक एक, मग खोडांवर, आणि मग मागे — ती भिंत होती, मॅडम. माझी भिंत. सगळे दिवे भिंतीकडेच तोंड करून लावलेत तिने, पानांच्या आडून, मी इतके दिवस समजत होते आपल्याकडे आहेत. आणि हिरवी. पिवळा उजेड पडला आणि निळ्याचं हिरवं झालं, केवढं हिरवं, आत आत जाणारं, शेवटच नाही त्याला. असं मी नव्हतं रंगवलं. म्हणजे मीच रंगवलंय, प्रत्येक फांदी माझीच आहे, ती वाकडी वेलसुद्धा, शिडी हलली तेव्हाची — पण असं नाही हो. इतकं चांगलं मला येतच नाही. माझंच जंगल आहे आणि मला ते तिच्यामुळे दिसलं. आता यावर काय करायचं माणसाने, सांगा, रागवायचं तरी कुणावर —

दार वाजतंय. तीच असणार. थांब गं. थांब म्हटलं ना, अजून बघतायत मॅडम. नाही, काही बिघडलेलं नाही, तू बस तिथे.

तुम्ही नका उठू. आणि आता काही बोलूही नका, मॅडम, चांगलं म्हणायचं असेल तरी नको. मला पुन्हा बघायचंय.