बंदरावरच्या चित्रातला गोरख

कर्जतच्या स्टँडवर सत्यशीलाबाई नगरच्या गाडीची वाट बघत होत्या. मागच्या बाकावर, कोकणची सहल करून कालच परतलेला एक माणूस थोरल्या बहिणीशी बोलत होता.

"आक्का, वेंगुर्ल्याच्या बंदरावर चित्रांचं प्रदर्शन हुतं. जुनी गलबतं, दीपगृह, जाळी विणनारी मानसं. एका चित्रापुढं मी थांबलोच."

"का रं?"

"त्यात आपला धाकटा गोरख हुता."

"बजरंग, शुद्धीत हायस का? धा वर्सं झाली घर सोडून. आपन त्याचं दिवस घातलं!"

"कपाळावर बैलाच्या शिंगाची खूण सुदीक हुती. चित्रकार म्हनला, हा काय, धक्क्यावर होडी रंगवतोय."

"मग?"

"गेलो, हाक मारली. त्यानं ब्रश ठेवला आन् पयलं इचारलं, माजी अश्विनी कशी हाय?"

सत्यशीलाबाईंना मागं वळून बघायचंही धाडस होईना.

"तू काय सांगितलंस?"

"बरी हाय म्हनलं. रविवारी तिचं दुसरं लगीन हाय, हे कुठल्या तोंडानं सांगू?"

"आन् आपन तिच्याच बस्त्याला नगरला चाललोय!"

"गप ऱ्हाऊ, आक्का. आता कुठं तिला चांगलं घर मिळालंय. समदं मोडंल."

"मोडू दे न्हाईतर हू दे. तिचं तिला ठरवू दे. ऊठ, ती काष्टीला म्हायेरीच हाय."

नगरची गाडी लागली. सत्यशीलाबाईंनी खिडकीतून पाहिलं, तर बहीण भावाचा दंड धरून काष्टीच्या गाडीकडं धावत निघाली होती.