मेकॅनिक बसला की गाडी गप्प

…नाही, "आवाज येतच नाही" म्हणणाऱ्या माणसाला एकदा माझ्या घरच्यांबरोबर त्या गाडीत बसवा, एवढंच माझं मागणं आहे! सात सीटांची गाडी, घेतली तेव्हा कशी अलगद चालायची, आणि आता पुढून, खालून, कुठूनतरी… टक्! सरळ रस्त्यावर टक्, गतिरोधकावर टक्-टक्, आणि वळणावर तर खर्रर्र-टक्! मला ऐकू येतो, बायकोला ऐकू येतो, मागच्या सीटवरच्या आईला ऐकू येतो, जिला दारावरची बेल ऐकू येत नाही! आणि मेकॅनिकला? छे! तुम्हाला सांगतो, मेकॅनिक बसला की गाडी गप्प!

पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये गेलो, तर तो गाडीखालून नुसते पाय बाहेर ठेवून विचारतोय, "कसा येतो आवाज?" आता कसा येतो म्हणजे? चार गिऱ्हाइकं चहा पीत बसलेली, त्यांच्यासमोर मी तोंडानं करून दाखवला, "टक्… टक्… खर्रर्र." मुलगी म्हणाली, "बाबा, तसा नाही, कट्-कट् असा येतो." बायको म्हणाली, "काहीतरीच तुमचं, कुणीतरी घट्ट बरणी उघडतंय असा येतो." आई म्हणाली, "अरे, आपल्या जुन्या शिवणयंत्रासारखा नाही का?" मेकॅनिकनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडी एकच आहे ना तुमची?"

आणि त्याची एक पद्धत आहे. गाडी तपासायला तो एकटाच नेतो, शेजारी गिऱ्हाईक चालत नाही. "तुम्ही बोलत बसता साहेब, मग गाडी काय बोलते ते मला कळत नाही." म्हणजे मी उतरायचं, किल्ली द्यायची आणि फुटपाथवर ताटकळायचं. हा एवढासा माणूस, फुंकर मारली तर उडेल, तो बसणार, चौकापर्यंत जाऊन वळसा घालून येणार आणि काच खाली करून म्हणणार, "कुठंय आवाज?" मी दारात डोकं घालून ऐकतो, तर खरंच नाही हो! गप्प! शाळेत बाई आल्यावर मुलं बसतात ना, हाताची घडी घालून, तशी!

तरी मी हटून बसलो म्हणून त्यानं लिंक रॉड बदलले. "आता येणार नाही." आला. मग बुश बदलले. आला. मग बॉल जॉइंट बदलले आणि हात पुसत म्हणाला, "पुढचं सगळं नवं केलंय साहेब, आता वाजायला काही उरलंच नाही." उरलं नाही? मग गॅरेजच्या फाटकातच काय वाजलं, माझे गुडघे? गाडी वळवली, परत आत आणली, मी उतरलो, तो बसला… गप्प! वर बायको म्हणते कशी, "अहो, मी चालवते तेव्हा नाही येत. तुमच्याच चालवण्यात काहीतरी खोट आहे." बावीस वर्षं गाडी चालवतोय मी! बावीस!

आता मी हे हसत सांगतोय, पण तेव्हा मला भीती वाटत होती. शनिवारी सासऱ्यांना हॉस्पिटलमधून घरी आणायचं होतं. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी बजावलेलं की धक्का बसता कामा नये. आणि सासऱ्यांनी, ज्यांनी लग्नापासून माझ्याकडे कधी चमचासुद्धा मागितला नाही, त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच न्यायला याल ना?" मी म्हणालो, "मीच येणार!" म्हणालो खरा, पण… वाटेत चाकबिक निखळलं तर? तर या माणसाला मी काय तोंड दाखवू?

शुक्रवारी मात्र माझं डोकं फिरलं. सगळं घर गाडीत भरलं, गॅरेजसमोर थांबलो आणि मेकॅनिकला म्हणालो, "आज मी उतरणार नाही! तू शेजारी बस. कुणी एक शब्द बोलणार नाही." बसला बिचारा. निघालो. पहिलं वळण आलं आणि… खर्रर्र-टक्! मेकॅनिक बसलेला, आणि गाडी वाजली! आईनं तर टाळ्या वाजवल्या! मला इतका आनंद झाला की विचारू नका. "ऐकलंस? ऐकलंस?" मी त्याच्या कानात ओरडतोय!

तो म्हणाला, "थांबवा. आता एकेकानं उतरा." त्याला बघायचं होतं, कुणाच्या वजनानं वाजते. आई उतरली, एक चक्कर मारली… टक्. मुलगी उतरली… टक्. बायको उतरताना म्हणाली, "माझं नाव आलं ना, तर बघा." टक्! ती जिंकल्यासारखी फुटपाथवर उभी. उरलो दोघं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाला, "साहेब… आता तुम्ही उतरा."

उतरलो. तो बसला. गेला, वळला, आला. सगळं घर फुटपाथवर कान लावून उभं. गप्प! शेवटी आईच म्हणाली, "लहानपणापासून हाडच जड आहे हो त्याचं."

तर चालवणाऱ्याच्या बाजूच्या शॉकअपवरचा रबर चेपला होता. चाकाला धोका नाही म्हणाला, पण जड माणूस बसला की लोखंडावर लोखंड आपटतं. नवा रबर सोमवारी येणार. "तोपर्यंत वहिनींनी चालवली तर उत्तम," म्हणाला, वहिनींसमोर!

शनिवारी बायकोनं गाडी चालवली. सासरे आले असे अलगद की पाळण्यातून आले म्हणायचे. मी हॉस्पिटलच्या दारात त्यांना हात देऊन बसवलं, पाय नीट ठेवले, आणि स्वतः शेजारी चढायला लागलो, तर दार धरून म्हणतात, "जावईबापू… तुम्ही टॅक्सीनं या. मला कळलंय सगळं." घ्या! वचन दिलं होतं, मीच घरी आणणार!

बसलो टॅक्सीत. पहिलंच वळण… खर्रर्र-टक्! टॅक्सीवाला कळवळून मागे वळला. "काय करावं कळत नाही हो साहेब. चार वेळा दाखवली. मेकॅनिक बसला की गाडी गप्प!"

मी पोट आत ओढलं, आणि घरापर्यंत श्वास धरून बसलो.