चादरीत शिवलेलं खोकं

दिल्लीच्या विमानतळावर माझं काय झालं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. मी लेकीकडे जर्मनीला निघाले होते. तिला सातवा महिना, आणि डोहाळे शेंगाच्या चटणीचे. चटणी, कडक भाकरी सगळं एका खोक्यात भरलं आणि लांबून ओळखू यावं म्हणून त्यावर मोराची सोलापुरी चादर शिवली. दिल्लीत रात्रभर थांबायचं होतं. तिकिटं वेगवेगळी, म्हणून सामान तिथं उतरवून घेऊन सकाळी पुढच्या विमानासाठी पुन्हा द्यायचं होतं.

पट्ट्यावर खोकं आलं. मी हात घालणार, तोच शेजारच्या बाई म्हणाल्या, "ओ ताई, ते माझं हाय की!"

त्या सोलापूरकडच्याच, दुधनीच्या निघाल्या. त्यांनीही खोक्यावर तशीच मोराची चादर शिवली होती. नावाची चिठ्ठी वाटेत फाटून गेलेली, आणि दुसरं खोकं काही येईना.

"माझ्यात शेंगाची चटणी आहे," मी म्हणाले.

"माझ्यात बी तीच की!"

"कडक भाकरी?"

"व्हय, ती बी."

शेवटी एक कोपरा उसवून चटणीची पिशवी काढली. बाईंनी चिमूटभर तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. "ही माझी न्हाय. एवढा लसूण कोण घालतंय?"

खोकं मिळाल्याचा आनंद होण्याआधी मला रागच आला. यांची चटणी अशी कोणती मोठी, ते बघायचंच होतं.

थोड्या वेळानं त्यांचंही खोकं आलं. मग बाकावर बसून त्यांची चटणी खाल्ली. खरं सांगू? माझ्याहून चांगली होती. पण मी "बरी आहे" एवढंच म्हटलं.