जिभेला न चिकटणारी गोळी

"हॅलो?... हो, मीच... बोल... नाही, अजून कारखान्यातच आहे."

थोरलीने फोन कान आणि खांद्याच्या बेचक्यात दाबला, कारण दोन्ही हात ट्रेमध्ये होते. ट्रेमध्ये पांढऱ्या गोळ्या, खडूचे तुकडे करावेत तशा, भट्टीतून निघून आता कुठे निवलेल्या. पलीकडे धाकटी बहीण, आईच्या घरून. आई सकाळी सहाला गेली. सहा वाजून दहा मिनिटांनी थोरलीला ते कळलं, तेव्हा ती भट्टीसमोर उभी होती. दुपारचा एक वाजून गेला तरी भट्टीपासून दहा पावलांवरच होती.

"हो, हो... चारला नेणार, कळलं... अगं ऐक ना, चारदा सांगितलंस... नाही, ओरडत नाहीये. आवाजच असा येतोय... काय करतेय म्हणजे? गोळ्या चाटतेय... हसलीस?... नाही? मला वाटलं हसलीस. हसली असतीस तरी चाललं असतं."

"अगं, आई करायची तेच. गोळी जिभेच्या शेंड्याला लावायची. चिकटली तर चांगली, नाही तर मेली... कशी म्हणजे? पांढऱ्या भुकटीत लाकडाचा भुसा मळतो ना, तो भट्टीत जळून जातो आणि मागे बारीक बारीक छिद्रं राहतात. ती जिभेचं पाणी ओढतात. पुढे रसायनांचे कारखानेवाले त्याच छिद्रांत त्यांचा धातू बसवतात, रसायनं घडवायची सगळी करामत त्या धातूची. आपली गोळी नुसती त्याला धरून बसते... हो, प्रयोगशाळा आहे की. ती उकळणार, तोलणार, पुन्हा तोलणार, संध्याकाळी सांगणार. आई चुटकीसरशी सांगायची."

आईने निवडणीच्या टेबलावर अडतीस वर्षं काढली. घरात तिच्या जिभेला हाड नव्हतं आणि कारखान्यात त्या जिभेपुढे साहेबाचं काही चालत नसे. कुणी पाहुणा विचारी, "बाई, इथे बनतं काय?" ती म्हणे, "भोकं. भोवतालचं पांढरं फुकट." दोघी मुलींनी ती जीभ वाटून घेतली. चाखायची थोरलीकडे आली. बोलायची सगळीच्या सगळी धाकटीकडे गेली, आणि या क्षणी ती पलीकडून न थांबता चालू होती.

"झालं तुझं?... आता ऐक. एकही चिकटत नाहीये. पहिल्या ट्रेमधल्या दोन-तीन जरा धरल्यासारख्या झाल्या, पुढचे आठही ट्रे मेलेले... आच जास्त लागली की छिद्रं मिटतात. वरून गोळी कशी देखणी दिसते, आत सगळं बंद... माझ्यामुळे. दुसऱ्या कोणामुळे? सहा-दहाला आच उतरवायची होती. मी हात पुढे केला आणि तुझा फोन आला. तू म्हणालीस, आई गेली. मी म्हणाले, हं. त्यानंतर बटण फिरवलं की नाही, आठवतच नाही... वेडी आहेस का? तू काय भट्टीला विचारून फोन करणार होतीस?"

भट्टीवाले मामा शेजारी उभे होते. नात्याने कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे मामा. त्यांच्या हातात भट्टीच्या तापमानाचा कागद होता, आणि सहा वाजून बारा मिनिटांनी सुरू झालेल्या उतरत्या रेघेवर त्यांनी बोट ठेवलं होतं. बोट ठेवून पाऊण तास झाला होता.

"मामा, तो कागद नका दाखवू मला. आई म्हणायची, कागदाला जीभ नसते... तुला नाही गं, मामांना बोलले... हो, सगळा माल दळायला सांगितलाय. खाली गिरणी चालू झाली की पाठवणार. मग कच्च्या गोळ्यांची नवी गाडी भरायची, ती भट्टीत जाईपर्यंत मला हलता येणार नाही... जमलं तर येईन... जमलं तर, असंच म्हणाले मी... हो, आई आहे, माहीत आहे मला आई आहे... अगं, असं काय बोलतेस..."

तिने आणखी एक गोळी जिभेला लावली. गोळी खाली पडली आणि टेबलावरून घरंगळत चहाच्या कपाला अडली. चहा सकाळचा. वर जाड साय धरलेली.

"रडले का? नाही... वेळ कुठे आहे... नाही, वेळ आहे. येत नाहीये. आत काही हलतच नाही... हं?... पाणी? पाण्याचं काय मध्येच?... नाही प्यायले... सकाळपासून नाही... कसला आवाज? पुन्हा बोल... टक् टक्? माझ्या तोंडात?... प्रत्येक शब्दाला जीभ टाळूला..."

थोरलीने जीभ टाळूला लावून पाहिली. खाली गिरणीचा पट्टा सुरू झाल्याचा आवाज आला.

"अगं, आईचा पेला... तो स्टीलचा गं, इथे टेबलावर असायचा, नंतर घरी नेलेला. दर दहा गोळ्यांना एक घोट. आपण चिडवायचो ना, हिला उंटासारखी तहान लागते... तहान नव्हती ती... थांब. फोन ठेवू नकोस. मामा, तुमची बाटली द्या. द्या हो, उष्टी असू दे!"

ती घटाघटा अर्धी बाटली प्यायली. नवव्या ट्रेमधून, तळातली, एक गोळी उचलली.

"अगं... चि... चिकतली... अं... ओधतेय... थांब, निघत नाहीये..."

गोळी सुटताना जिभेचा शेंडा चांगलाच ओढला गेला. दुसरी तशीच. सातव्या ट्रेमधली तशीच. मामांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि ते जिन्याकडे धावले. त्या वयात ते धावतात हे तिथे कुणाला माहीत नव्हतं.

"मामा, गिरणी बंद करा! सगळा माल चांगला आहे!... हो, आहे, आहे मी फोनवर... फिरवलं होतं गं बटण. हाताने फिरवलं, मला न सांगता... किती वाजले? दीड?... तासाभराचा रस्ता. पोचते... अगं, तिच्या उशाशी तो पेला असेल बघ... आहे? पाणी आहे त्यात?... असू दे. घासायला नेऊ देऊ नकोस कुणाला. मी येईपर्यंत... नाही, काही झालं नाही मला... हो... हो, आलं आत्ता... पाणी प्यायले ना, म्हणून... ठेवते."