इकडचं तिकडे

...आणि वर लोक म्हणतात, दुभाष्याला काम ते काय, नुसतं इकडचं तिकडे करायचं! तुम्हाला सांगतो, इकडून काय काय येतं ते एकदा येऊन बघा. ज्या लेकरांना बोलायला, चालायला, हात हलवायला जड जातं त्यांच्या केंद्रात माझी नोकरी, घरची माणसं नाना भाषा बोलणारी, शिकवणाऱ्या ताईंना त्यातली एक येईल तर शपथ, म्हणून मध्ये मी.

मागच्या महिन्यात एक आजी आल्या, माझ्याच भाषेच्या. नातू चार वर्षांचा, बोटांत जोर नाही. ताईंनी कुस्करलेलं केळं पुढे ठेवलं, चमचा त्याच्या मुठीत दिला. "आजींना सांगा, त्याचं त्याला खाऊ दे. सांडलं तरी चालेल." केलं इकडचं तिकडे. निम्मं केळं पोराच्या गालाला, निम्मं माझ्या विजारीला... आणि आजी तडकल्या. "आमच्यात लेकराला हातानं भरवतात. उपाशी मारायचंय का त्याला? विचार ह्या पोरीला, कधी पोर सांभाळलंय का म्हणावं. उद्यापासून आम्ही येत नाही."

आता हे तिकडे कसं करायचं? नियम म्हणतो, शब्दाला शब्द. पण आजी आल्याच नाहीत तर त्या पोराचं काय? मी म्हटलं, "ताई, आजी विचारतायत, तुमच्या घरी कुणी लहान आहे का?"

ताई म्हणाल्या, "धाकटा भाऊ. असाच आहे. आईच भरवायची त्याला, मोठा झाला तरी. मग आई गेली, आणि तो माझ्या हातून खाईना. मिशा फुटल्यावर चमचा धरायला शिकला बिचारा."

हे मात्र शब्दाला शब्द इकडे आणलं. मग काय केलं असेल आजींनी? आपला उजवा हात मांडीखाली दाबून बसल्या, आपोआप पुढे जायला नको म्हणून. चमचा नाकाला लागला, हनुवटीला लागला, आणि शेवटी गेला तोंडात.

आता नेमानं येतात. ताई आपल्या भाषेत, आजी आपल्या भाषेत, हातवारे करत तासभर गप्पा... काल मी मध्ये तोंड घातलं, "आजी काय म्हणतायत की—"

दोघी एकदम वळल्या. "जरा गप्प बसता का?"

दोन्ही भाषांत. आता ह्याचं भाषांतर कुणासाठी करू?